नामादादाच्या गॅरेजातली ओम्नी

वहिनीचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. दौंडला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. एका नवरीच्या ब्लाउजपीसवर मी खडूनं मापं आखत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "ताई, तुमचा दादा गेला." मी विचारलं, "कुठं गेला?"... खरंच विचारलं. ट्रेलरवर ड्रायव्हर असलेल्या माणसाबद्दल हाच प्रश्न आम्ही वीस वर्षं विचारत आलो होतो. माझी डावी किडनी त्याला बसवायची ठरली होती, आणि ऑपरेशनला बारा दिवस उरले होते. सात आठवडे झाले. मला अजून कुणाला तरी दंडाला धरून गदागदा हलवावंसं वाटतं. कुणाला, ते कळत नाही.

नामादादा माझा थोरला भाऊ. आमचे आबा मेंढरं घेऊन रानोरान फिरले आणि शेवटी वडगाव रासाईला भीमेकाठी थोडी जमीन घेऊन बसले. घरामागं मेंढरं कोंडायची जागा होती. मेंढरं विकली, आबा गेले, जागा तेवढी राहिली. टणक, सपाट. दादानं तिथं गॅरेज काढलं. म्हणजे भिंत नाही, पत्रा नाही. मैदानावर रेघा मारतात ती पांढरी फक्की आणायची आणि जमिनीवर गाडीच्या खऱ्या मापाचे पाच चौकोन आखायचे. दादा कारखान्यातून नव्या कोऱ्या गाड्या भरून शोरूमला पोचवायचा, एका खेपेला आठ-आठ. सीटवरचं प्लास्टिक न काढलेल्या गाड्या. त्यातली एकही त्याची नाही. त्याच्या दारात एक जुनी मोटरसायकल, तीसुद्धा उतारावर लावलेली, म्हणजे ढकलायला सोपी. गाड्या मात्र त्यानं मनातल्या मनात घेतल्या. चौकोन आखायला माझा दुकानातला टेप घेऊन गेला, तो काही परत आला नाही.

खेळ असला तरी नियम कडक होते. जागा पाचच. नवी गाडी आत घ्यायची तर जुनी बाहेर काढायची, आणि बाहेर काढलेली भंगारात घालायची नाही, कुणाला तरी द्यायची. कुणाला आणि का, ते मोठ्यानं सांगायचं. कंटेसा घ्यायची म्हणून पद्मिनी काढली तेव्हा ती कुणाला द्यावी यावर तीन आठवडे काथ्याकूट चालला होता. मी म्हणाले, "मला दे की." तर म्हणतो, "तुला चालवाया येती का? शिक, मग बघू." वहिनी कपाळाला हात लावायची. "बाजारात तुरी," म्हणायची, "आन् ह्या बहीणभावाची घरात मारामारी." पण अंगण झाडताना फक्कीच्या रेघेला तिचा झाडू कधी लागला नाही. हेही सांगायला हवं.

मग त्याचे पाय सुजले. गाडीवर बसून सुजले असतील, असं समजून त्यानं दोन महिने घरी सांगितलंच नाही. दौंडला दाखवलं तोवर दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ट्रेलर सुटला. माझं घर जवळ, म्हणून मी त्याच्याजवळ बसायची. चार-चार तास... हात हलवायचा नाही, नळीतून आपलंच रक्त बाहेर जाताना बघत पडायचं. पहिल्याच दिवशी मी डॉक्टरांना म्हणाले, माझा रक्तगट तोच आहे, माझी घ्या. डॉक्टर काही बोलायच्या आत दादा बोलला, "न्हाई."

वर्षभर तो 'न्हाई'च म्हणत राहिला. मी रागावले, रडले, अबोला धरला. जेजुरीला त्याच्या नावानं भंडारा उधळून आले, तर म्हणतो, खंडोबाला मधी घालू नगं. एकदा नीट बसवून विचारलं तेव्हा म्हणाला, "सुमे, चालू गाडीचा पार्ट काढून बंद गाडीला लावत न्हाईत. दोन्ही गाड्या रस्त्यात उभ्या ऱ्हात्यात. तुला दोन पोरी हायती." मी म्हणाले, "तुझी गाडी बंद नाही." असा राग आला, की त्याच्या तोंडात मारावी. पण त्याच्या हाताला नळी होती.

त्या पलंगावर पडल्या पडल्या गॅरेजचा विषय निघायचा. मला बरं वाटायचं, निदान कशात तरी जीव आहे. एके दिवशी म्हणाला, "जिप्सी काढली. दाजींना दिली." दाजी म्हणजे माझे मालक. मी विचारलं, मग तिच्या जागी काय घेतलीस? "बघू." पुढच्या खेपेला कंटेसा गेली. ती तिथल्या नर्सबाईंना, कारण त्या लांबून एसटीनं उभ्यानं येतात. त्याही हसून थँक्यू म्हणाल्या. काळी अँबॅसॅडर वहिनीला, मागच्या सीटवर ऐसपैस बसून माहेरी जायला. मी मूर्ख, मीही हसत होते. बसमध्ये, दौंडहून वडगावला जाताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. जागा मोकळी होतेय आणि नवी गाडी आत येत नाहीये. हा खेळ नव्हता. हा माणूस वाटणी करत होता.

घरी पोचले तर मागच्या जागेत तीन चौकोन पायानं पुसलेले. दादा बाजेवर बसला होता, उन्हात. चौथी कुणाला द्यायची त्याचाच विचार करतोय असं मला दिसलं, आणि माझं डोकं फिरलं. घरातून फक्कीची गोणी ओढत आणली आणि पाचही जागांच्या पलीकडं, कोऱ्या जमिनीवर टेकवली. त्याच्या उशाचा टेप घेतला. माझाच टेप. म्हणाले, "ओम्नी केवढी असते? लांबी सांग."

"ओम्नी?" तो म्हणाला. "डबडं हाय ते. आन् तू गाडी निवडणार?"

"लांबी सांग."

"अकरा फुटाला थोडी वर. पन नियमात बसत न्हाई. पाचच जागा हायती. आन् ह्यो सहावा."

"नियम खड्ड्यात गेला," मी म्हणाले, आणि आखायला लागले. ब्लाउजचा गळा मी डोळे मिटून आखते, आणि इथं एक रेघ सरळ येईना. "माझी मशीन मागं बसेल, पोरी बसतील, वहिनी बसेल. मी घेतलीय. पण मला चालवता येत नाही. ड्रायव्हर तू. तू नसलास तर ही गाडी इथंच सडणार. दे कुणाला द्यायची ती." एवढं बोलून मी त्या चौकोनात फतकल मारून बसले आणि मोठमोठ्यानं रडले. वहिनी दारात उभी होती. तीही रडत होती.

दादा उठला. तेवढं चालायलाही त्याला दम लागायचा. माझी एक रेघ पायानं पुसली आणि वाकून, फक्की चिमटीत घेऊन सरळ ओढली. म्हणाला, "वाकडी गाडी म्या चालवीत नसतो." आणि हाताची फक्की झटकत, "कवा करायच्या टेस्टा?"

टेस्टा झाल्या, कागद झाले, तारीख मिळाली. दोन महिने तो रोज नवी गाडी आत घेत होता. पुसलेले चौकोन त्यानं पुन्हा आखले. मग डायलिसिसच्या नळीच्या जागी जंतू शिरले, थंडी वाजून ताप आला आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं. आदल्या संध्याकाळी मी दवाखान्यातून घरी कपडे बदलायला गेले होते. सकाळी एक ब्लाउज हातावेगळा करून परत जाणार होते. एक ब्लाउज.

लोक म्हणतात, तू तुझ्याकडून सगळं केलंस. नाही केलं. ओम्नी मी वर्षभर आधी आखायला हवी होती. रडणं, अबोला, नवस, सगळं करून बघितलं, पण त्याच्याच खेळात शिरून त्याला अडवायचं मला सुचलं नाही. एक वर्ष वाया घालवलं मी. याचं काय करू, सांगा कुणीतरी.

दर रविवारी मी वडगावला जाते. वाऱ्यानं फक्की उडते, कोंबड्या पाय घासतात, रेघा पुसट होतात. बाकीचे पाच चौकोन मी तसेच जाऊ देते. त्याच्या गाड्या, तो घेऊन गेला असेल. ओम्नी मात्र कुणाला द्यायची ते त्यानं सांगितलेलं नाही, आणि सांगितल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही हा त्याचाच नियम. म्हणून गोणीत हात घालते, टेप लावते, अकरा फूट आणि थोडं वर. आता रेघ सरळ येते. मग त्या चौकोनात जाऊन डाव्या बाजूला बसते, ड्रायव्हरची बाजू मोकळी सोडून. वहिनी म्हणते, "ताई, ऊन लागंल." मी बसून राहते. हात आपोआप डाव्या कुशीवर जातो. डॉक्टरांनी हीच किडनी काढायची ठरवली होती. अजून तिथंच आहे. चालू आहे.