वेळापत्रकातले 'व्हिजिटिंग'

तुम्हाला ज्यांनी शिकवलं, त्या सगळ्यांची नावं तुम्ही सांगू शकाल का? मी सांगू शकत नाही. नाशिकच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मशीन डिझाइनच्या तासापुढे वेळापत्रकात सरांच्या नावाऐवजी फक्त 'व्हिजिटिंग' लिहिलेलं असे. आम्हीही त्या सरांना 'व्हिजिटिंग सर'च म्हणायचो.

अंबडच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून ते थेट वर्गात येत. डब्याच्या पिशवीतून यंत्राचा एखादा तुटलेला दांडा, म्हणजे शाफ्ट, काढून पहिल्या बाकावर ठेवत. "हा कुठून तुटायला लागला ते बोटाने शोधा. फळ्याकडे नंतर बघू." तुटलेल्या कडेवरून ते अंगठा इतका हळू फिरवत, की मागचे बाकही गप्प होत.

सत्राच्या शेवटी जर्नलवर सही मात्र कायम नोकरीतल्या सरांची लागे. ते आमच्या तासाला कधीच आले नव्हते. मी चिडून म्हणालो, "सर, शिकवलं तुम्ही, मग सही त्यांची कशी?"

"अरे, कागदावर मी नाहीच ना," ते हसले. "शाफ्ट का तुटला ते तुला सांगता येतंय ना? झाली माझी सही."

पुढच्या सत्रात त्या तासाला दुसरेच 'व्हिजिटिंग' आले. आमच्या सरांना परत बोलवा, असं पत्रक मी संतापून लिहायला बसलो. सरांचं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा लक्षात आलं, मी ते कधी विचारलंच नव्हतं.

तुमच्या वेळापत्रकात तो शब्द असेल, तर उद्याच्या तासाला नाव विचारा आणि तो शब्द खोडून तिथे ते नाव पेनाने लिहा.