पाइपातला वाक

पुसदच्या आमच्या मेडिकलचा एसी पहिल्यापासून एकच मेकॅनिक बघतो. आला की आधी पाइपाच्या जोडांवरून बोट फिरवतो, नाकाशी नेतो आणि पँटीला पुसतो. "गॅस दिसत नाई भाऊ, पण त्याच्यासंगं तेल फिरते. जोड तेलकट लागला, म्हंजे गॅस तिथूनच चालला."

एसी बसवताना गच्चीकडे चढणाऱ्या पाइपाला त्यानं तळाशी एक वाक दिला होता. तिथं तेल साचून गॅसच्या जोरानं वर कॉम्प्रेसरात परत जावं, म्हणून. मला तो वाक डोळ्यांत खुपला. मी हट्टानं पाइप सरळ करून घेतला.

यंदा उन्हाळ्यात कॉम्प्रेसर जाम झाला. गच्चीवर त्यानं तो उलटा करून तेल मापात ओतलं. माप निम्मंही भरलं नाही. वाक नसल्यानं बाकीचं तेल वर न येता पाइपातच अडकलं होतं.

"चूक कोणाची?" बाबांनी विचारलं. मी खाली बघितलं.

"माही," तो म्हणाला.

बाबा खाली गेल्यावर मी म्हटलं, "पाइप सरळ करायला त मीच लावलं होतं ना?"

"तुमी त काईबी सांगानच. पण पान्हा माह्या हातात होता."

मग मला न विचारता त्यानं नवा पाइप वाकवायला घेतला.