जंगलातल्या लाटांची उंची

सरकारी खात्यात पगार महिन्यातून एकदा होतो, किस्से मात्र रोज होतात! फायली निदान रद्दीत तरी जातात, किस्से कुठं टाकायचे? बायको ऐकून ऐकून कंटाळली, म्हणून आता तुम्ही ऐका.

सामंत साहेब आमच्याकडे बदलून आले ते थेट समुद्रातून. भर दर्यात तेल-गॅसच्या विहिरी खणणाऱ्या कंपन्या नियम पाळतात की नाही, हे ते तपासायचे. इकडे पोंभुर्ण्याच्या जंगलात एका कंपनीनं गॅस शोधायला बोअर मारला, तर त्यावर नजर ठेवायला साहेबांनाच धाडलं. मी जवळच्याच मूल गावचा, त्यांचा असिस्टंट. बोअर तिथल्या ताराबाईच्या धानाच्या बांधीला, म्हणजे भाताच्या खाचराला लागून. आमचा स्वयंपाकही तिच्याकडंच. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "जाताना भोक बुजवून जासान न, साहेब? तुम्ही चालले जासान, मले तं इथीच राहाचं हाय. खालून गॅस निंगला तं?"

"बुजल्याशिवाय मी सही करणार नाही," साहेब म्हणाले. ताराबाईनं मान हलवली, पण विश्वास काही दिसला नाही. सरकारी सह्या तिनं पाहिल्या होत्या!

*

साहेबांसोबत फॉर्मही समुद्रातलाच आला. 'लाटांची उंची' या रकान्यात मी रोज 'निरंक' लिहायचो. पण 'सर्वांत जवळचे जहाज' यापुढे काय लिहावं? खोटं लिहायचं नाही, अशी साहेबांची सक्त ताकीद. मी लिहिलं, "एक बंडी, दोन बैल."

वरून शेरा आला, "सुरक्षित अंतर राखावे!"

*

मग हेड ऑफिसनं लाइफ जॅकेट पाठवले. भडक नारंगी! परत पाठवायचे तर वेगळा फॉर्म, म्हणून राहू दिले. धान भरात आलं, रानडुकरं यायला लागली, अन् एका सकाळी पाहतो तर काय, सगळे जॅकेट बांबूंवर चढून बांधीभोवती उभे!

साहेब भडकले. "ताराबाई, ही सरकारी मालमत्ता आहे! जीव वाचवायला दिलीय!"

"मंग? धानाले जीव नसते का?"

साहेबांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'जॅकेट वापरात आहेत.' अशा माणसावर जीव जडणार नाही तर काय!

*

"एवढी वादळं पाहिली, पण बोटीत मला कधी उलटी झाली नाही," हे साहेबांचं पेटंट वाक्य. एकदा एटापल्लीकडं जीपनं निघालो. अर्ध्या वाटेत साहेब उतरून मोहाच्या झाडाला धरून उभे. ड्रायव्हर कादरभाईनं पाण्याची बाटली पुढं केली. "क्या हुआ साहब?"

साहेब म्हणाले, "समुद्राला निदान खड्डे नसतात हो!"

*

बोअरमध्ये कामाचा गॅस काही लागला नाही. कंपनी आवरायला लागली. नियम असा की भोक तळापासून सिमेंटनं भरायचं, मग साहेबांची सही, मग जायचं. मॅनेजर घाईत. "सर, फुल भरलंय. सही करा, ट्रक उभे आहेत." कागद जीपच्या बॉनेटवर ठेवला. साहेबांनी पेन काढला.

तेवढ्यात ताराबाई आली. भोकावरच्या सिमेंटच्या झाकणावर तीन दगड मांडले, त्यात काड्या रचल्या, अन् कमरेची माचिस काढली.

"काय करताय, ताराबाई?"

"चहा मांडून राह्यली. साहेब सही करून राह्यले, म्हंजे आता भेव नाई न?"

"अरे, थांबवा तिला!" मॅनेजर केवढ्यानं ओरडला!

 साहेबांनी मॅनेजरकडं पाहिलं, पेनाला टोपण लावलं अन् म्हणाले, "ट्रक खाली करा."

झाकण फोडलं, भोक नव्यानं भरलं. साहेब खुर्ची टाकून दिवसभर तिथंच. काम झाल्यावर त्यांनी गॅस मोजायचा मीटर स्वतः लावून पाहिला. एकदा नाही, तीनदा. मग पेन काढला.

"थांबा," ताराबाई म्हणाली. परत तीन दगड, परत काड्या. "आधी बसा."

साहेब झाकणावर मांडी घालून बसले. ताराबाईनं मॅनेजरकडं पाहिलं. "अन् तुम्ही?" मॅनेजरही बसला. मी जीपजवळच होतो. कुणीतरी फोटो काढायला पाहिजे ना!

माचिस ओढली. काड्या पेटल्या. वर ठेवलेल्या चहाला उकळी आली. ताराबाईनं पहिला कप साहेबांच्या हातात दिला, पदरानं तोंड पुसलं अन् म्हणाली,

"आता करा सही."