आधी तुमचं होऊ दे

रस्त्यावर कुठं जेवायचं हे मला कुणी शिकवायची गरज नाही. कराडहून गूळ भरून इंदूर, आणि तिकडून मिळेल तो माल भरून परत, असा आयुष्यभर ट्रक हाणला. शाळा चौथीपर्यंत झाली, बाकीचं रस्त्यानं शिकवलं. ढाबा निवडायचा तर पाटी वाचायची नाही. ट्रक किती उभे आहेत ते बघायचं. मग मालक स्वतः तिथंच जेवतो का ते बघायचं. मालकाचा डबा घरून येत असेल तर आपण गिअर टाकून पुढं निघायचं.

माझ्या मुलाचं तसं नाही. तो परदेशात, आइंडहोवनला इंजिनिअर आहे आणि जवळच न्यूनेन नावाच्या शांत गावात राहतो. तो जेवायची जागा फोनवर शोधतो. फोनवर प्रत्येक हॉटेलापुढं तारे असतात, लोकांनी दिलेले. जास्त तारे असतील तिथं जायचं. कोण लोक, त्यांनी कधी भुकेलं होऊन जेवण केलंय का, काही पत्ता नाही.

जुलैत आम्ही नवराबायको त्याच्याकडं होतो, तेव्हा त्यानं गाडीनं फिरायचं ठरवलं. तो, सूनबाई, आम्ही दोघं. समुद्राकडं झेलंडला जायचं, दोन मुक्काम करायचे आणि परत. मला वाटलं, रस्ता बघायचा असेल. पण निघायच्या आधी त्यानं फोनवर नकाशा दाखवला तेव्हा कळलं, त्यानं आधी तीन संध्याकाळची तीन हॉटेलं ठरवली होती आणि रस्ता नंतर त्यांच्यामधून ओढला होता.

"आण्णा, इथं निवांत जेवायचं असतं," तो म्हणाला. "दोन-अडीच तास."

"अडीच तासांत मी कराडहून पुण्याला पोचायचो," मी म्हणालो.

पहिल्याच दुपारी मोठ्या रस्त्याला एका पंपामागं ट्रकांची ही लांब रांग दिसली. मी म्हणालो, "घे आत. इथं जेवू."

"इथं काही नसतं, आण्णा."

"मग एवढे ड्रायव्हर काय हवा खातात?"

त्यानं घेतली आत. आत कॉफीचं मशीन आणि प्लास्टिकात गुंडाळलेला ब्रेड. ड्रायव्हर आपापल्या केबिनीत पडदे ओढून झोपलेले. एक जण पायरीवर बसून घरच्या डब्यातलं खात होता. मी त्याला हात केला, त्यानंही केला. सूनबाई ओठ दाबून हसत होती.

"किती तारे द्यायचे, आण्णा?" मुलगा म्हणाला.

मी ब्रेड खाल्ला. सगळा खाल्ला.

संध्याकाळचं हॉटेल म्हणजे जुना गोठा होता. गव्हाणीसुद्धा तशीच ठेवलेली, आत मेणबत्त्या. आमच्याकडं पाहुण्याला गोठ्यात जेवायला बसवलं तर सोयरीक मोडेल. इथं त्याला साडेचार तारे. बाकी जागा स्वच्छ होती, खोटं कशाला बोलू.

पण तिथली पद्धत वेगळी. ताट वाढून देत नाहीत. एकेक पदार्थ आणतात, आणि टेबलावरच्या सगळ्यांच्या ताटल्या मोकळ्या झाल्याशिवाय पुढचा आणत नाहीत. आधी सूप आलं. मी सवयीप्रमाणं चार घोटांत संपवलं. मुलगा आणि सूनबाई गप्पा मारत खात होते. आमची मंडळी हात मांडीवर ठेवून बसलेली.

"आई, गरम आहे तोवर घ्या ना," सूनबाई म्हणाली.

"घेते की. यांचं होऊ दे."

"इथं कोण बघतंय?"

"मी आहे ना बघायला," ती म्हणाली.

मी तिला कधी थांब म्हणालो नाही. गाडीवरून मी घरी कधी येईन याचा नेम नसायचा. येईन तेव्हा भाकरी झाकून ती बसलेली असायची, आणि मी पाटावर बसलो की म्हणायची, आधी तुमचं होऊ दे. पुढं मी गाडी सोडली, घरीच असतो, तरी तिनं ती रीत मोडली नाही. आमच्या संसारात आम्ही एकमेकांसमोर बसून एका वेळी जेवलोय असं मला एकदाही आठवत नाही. सण असो, लग्न असो. घरात ते कुणाला दिसत नव्हतं, कारण ती नंतर स्वयंपाकघरात बसायची. इथं चौघांना एकाच टेबलाला बसवलेलं, त्यामुळं दिसायला लागलं.

माझं सूप झालं तेव्हा तिनं चमचा उचलला. तोवर तिचं निवलं होतं. मग मासा आला, तसंच झालं. मग गोड आलं, तसंच. वाढणारी पोरगी दरवेळी येऊन विचारायची, चव आवडली का, आणि भरलेली ताटली बघून परत जायची. शेजारची दोन टेबलं रिकामी झाली, पुन्हा भरली.

"निवांत जेवण पाहिजे होतं ना तुला?" मी मुलाला म्हणालो. "झालं का?"

त्यानं बिल मागवलं. पण दुसऱ्या दिवशी गाडीत तो आईला म्हणाला, "आई, आज तुला मी गरम जेवायला लावणार म्हणजे लावणार." ती काचेबाहेर बघत होती. समुद्र दिसायला लागला होता. तिचं माहेर खाडीकाठचं, चिपळूणच्या खाली. तिनं काच खाली केली आणि वास घेतला.

आदल्या दुपारचा ब्रेड माझ्या डोक्यातून गेला नव्हता. मी म्हणालो, "आजची जागा मी काढणार."

"आण्णा, बुकिंग झालंय."

"रद्द कर."

सूनबाई म्हणाली, "करू दे की त्यांना." म्हणजे मजा बघायची होती.

बंदराला लागून रस्ता होता. तिथं ट्रक नव्हते, पण होड्या होत्या. मासे धरायची होडी म्हणजे पाण्यावरचा ट्रकच. त्यांच्यासमोर एक बसकं हॉटेल. दारात रबरी बुटांची रांग. मी काचेतून बघितलं. कोपऱ्यात एप्रन बांधलेली जाडजूड बाई स्वतः काळ्या भांड्यातून जेवत होती, आणि जेवता जेवता पोरांना हुकूम सोडत होती. मालकीणच, विचारायला नको.

"हीच जागा," मी म्हणालो.

मुलानं फोन बघितला. "तीनच तारे आहेत, आण्णा."

"बाकीचे ढगाआड असतील. चल."

आत गेलो. मालकीण जे खात होती ते मुलानं आईसाठी मागवलं. माझं मी बघतो म्हणालो. शेजारच्या टेबलाला एक कोळी काहीतरी चवीनं खात होता. मासा दिसला, वर चिरलेला कांदा दिसला. मी बोट दाखवलं.

"काय आहे ते विचारू का?" मुलगा म्हणाला.

"मासा आहे. डोळे आहेत मला."

आधी तिचं भांडं आलं. काळं, खोल, वर झाकण. तिनं झाकण उचललं आणि वाफ तिच्या चष्म्यावर आली. आत काळ्या शिंपल्या, तोंड उघडलेल्या, काठोकाठ.

"अहो, शिणाणे!" ती म्हणाली. एवढ्या मोठ्यानं, की मालकीणबाईनं मान वळवली.

तिच्या माहेरी त्याला शिणाणे म्हणतात. ओहोटीला खडकावरून कोयतीनं काढायचे, हे ती पोरांना कितीदा सांगायची. आमच्या घरी लग्नानंतर तिनं ते चुलीवर चढवले नाहीत. आमच्या आईला वास चालायचा नाही, आणि माझं म्हणणं, शिंपलं पाण्यात शोभतं, ताटात नाही. पुढं तिची आई गेली आणि माहेरही सुटलं. म्हणजे किती वर्षांनी ते तिच्यासमोर आले होते, हिशेब नाही.

तिनं एकदा डोळे भरून बघितलं. मग निवू नये म्हणून झाकण परत ठेवलं, हात मांडीवर घेतले आणि माझ्याकडं बघितलं.

माझी ताटली आली. मासा कच्चा होता.

कच्चा म्हणजे मिठात मुरवलेला, असं मुलानं सांगितलं. या दिवसांत लोक मुद्दाम खायला येतात म्हणे. मी एक तुकडा तोंडात घातला. तो तोंडात गार आणि निसरडा फिरत राहिला. पाण्याबरोबर खाली ढकलला. दुसरा उचलवेना.

"आण्णा, दुसरं काहीतरी सांगू," मुलगा म्हणाला.

"काही सांगायचं नाही."

जागा मी काढली होती, पदार्थ मी दाखवला होता. ताटली परत गेली असती तर ब्रेडच्या जोडीला तीही मला जन्मभर ऐकावी लागली असती. मी काटा हातात धरून बसलो.

"आई, तुम्ही तरी सुरू करा," सूनबाई म्हणाली. तिच्या आवाजात आता मजा नव्हती.

"यांनी कुठं खाल्लंय अजून."

"आई, प्लीज. हे गार झालं की चामड्यासारखं होतं."

"मला माहीत आहे ते," ती म्हणाली. तिला नाही तर कुणाला माहीत असणार.

तिनं झाकणावर तळहात टेकवून ऊब बघितली. थोड्या वेळानं परत टेकवला. या वेळी जरा जास्त वेळ ठेवला, तेव्हा मला समजलं की ऊब शोधावी लागतेय.

मी माझी ताटली मुलापुढं सरकवली आणि तिचं भांडं मधे ओढलं.

"कसं खातात हे?"

"तुम्ही?"

"मग काय त्या बाईला विचारू?"

तिनं झाकण उलटं करून बाजूला ठेवलं. एक शिंपली उचलली, आतलं मांस काट्यानं काढलं आणि काटा माझ्यापुढं धरला. मी खाल्लं.

"कसं आहे?"

"खारट."

"समुद्रातलं आहे. उसात पिकतंय होय?"

मग रिकामी शिंपली चिमट्यासारखी बोटांत धरून तिनं दुसऱ्या शिंपलीतलं मांस ओढलं. "हे असं धरायचं," म्हणाली. मला जमलं नाही. शिंपली सटकून रश्श्यात पडली. "अहो, असं नव्हे. बघा इकडं." आणि दाखवता दाखवता तिनं ते स्वतःच्या तोंडात घातलं.

तिच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं. सूनबाईच्याही आलं, तिनं बोलायला तोंड उघडलं, तसे मी डोळे वटारले. बोललं की ती थांबली असती.

मी परत शिंपली पाडली. तिनं परत दाखवलं. एक माझ्याकडं, एक तिच्याकडं. एकाच भांड्यातून खाताना कुणाचं आधी झालं हे कसं मोजणार? तळाला ब्रेड बुडवून खाल्ला तोही दोघांनी. झाकणात शिंपल्यांचा ढीग झाला. मुलानं माझा कच्चा मासा संपवला. चांगला आहे म्हणाला. असेल.

बाहेर आल्यावर त्यानं फोन काढला. "आण्णा, पाच तारे देतो."

"देऊ नको," मी म्हणालो. "गर्दी होईल."

तिसऱ्या संध्याकाळी परत ताऱ्यांचं हॉटेल. नदीकाठी, पांढरे टेबलक्लॉथ, चौघांना चार ताटल्या. सूप आलं. ती हात मांडीवर ठेवून माझ्याकडं बघायला लागली. आदल्या दिवसाचं जसं काही झालंच नव्हतं.

मीही हात मांडीवर ठेवले.

"अहो, घ्या ना."

"तुझं होऊ दे आधी."

"भलतंच काय? घ्या म्हणते ना."

"मला घाई नाही. निवांत जेवायचं असतं इथं."

मी हट्टी आहे हे अख्ख्या गावाला माहीत आहे. ती माझ्यापेक्षा कमी नाही हे मला तिथं कळलं. मुलाचं सूप झालं, सूनबाईचं झालं. वाढणारा माणूस येऊन आमच्या दोन भरलेल्या वाट्या बघून गेला. परत आला आणि मुलाला काळजीनं काहीतरी विचारलं. सुपात काही कमी आहे का, असं विचारत होता म्हणे.

"तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, सूप चांगलंय. यांची आपसातली पद्धत आहे."

तिला हसू आलं. पदरानं तोंड झाकून तिनं चमचा उचलला आणि तो हवेतच धरला, मी उचलेपर्यंत. मग मी उचलला. सूप गार झालं होतं. दोघांचंही.