मनोहरभाऊंच्या व्हॅनची समोरची उंची

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी सलूनच्या खुर्चीत होतो, एका गालावर साबण तसाच. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. रडली नाही, तेच जास्त लागलं. अर्ध्या दाढीनं मी मनोहरभाऊंच्या घरी पोचलो. अंगणात त्यांची जुनी व्हॅन उभी होती आणि तिच्याखालून कोणाचेच पाय बाहेर आलेले दिसत नव्हते... आज पाच आठवडे झाले. दुपारी घरात बसवत नाही. उठतो, फाटकापर्यंत जातो, काहीतरी विसरल्यासारखा परत येतो.

वणीच्या कोळसा खाणीतल्या वर्कशॉपात मनोहर भगत फिटर होते, मी इलेक्ट्रिशियन. वयानं ते चार वर्षांनी मोठे, अंगानं काटकुळे, आणि एखादं काम मनासारखं बसेपर्यंत जेवायला न उठणारे. अकरा वर्षांपूर्वी शीलावहिनी जिन्यावरून पडल्या आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून कुठं जायचं म्हणजे चार जणांनी त्यांना उचलून जीपमध्ये ठेवायचं. एकदा दवाखान्याच्या दारात, लोकांच्या देखत, उचलताना त्यांचं लुगडं सरकलं. त्या दिवसापासून त्या म्हणाल्या, "मले आता कोणी उचलू नका." घराबाहेर पडणंच त्यांनी सोडलं. फुलसावंगीला माहेर, भावाच्या पोरीच्या लग्नालाही गेल्या नाहीत.

रिटायर झाल्यावर मनोहरभाऊंनी भंगारातून गोल नाकाची, बंद पडलेली ही व्हॅन ओढून आणली. दुसरं डिझेल इंजिन बसवलं, मागचा पत्रा कापून जमीन खाली घेतली, चाकाची खुर्ची थेट आत जाईल अशी घडीची फळी लावली. कोणी उचलायचं नाही! इथवर सगळं वर्षभरात झालं. अडलं ते समोरच्या उंचीवर. या गाडीला पुढं स्प्रिंग नाही. एकेका चाकाला एक जाड पोलादी सळई आहे, टोकाचा बोल्ट आवळला की ती पिळते आणि गाडीचं नाक वर येतं. नवं इंजिन जड, त्यामुळे नाक खाली गेलं होतं. खड्ड्यात टायर पत्र्याला घासायचा. मी म्हटलं, पुस्तकात माप असेल तेवढं ठेवा. ते चिडले. "ते माप त्या गाडीचं हाय, गजू. ही ती गाडी राह्यली काय?"

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायचा, आत जमिनीवर पाणसळ ठेवायची, पुन्हा खाली शिरायचं. नाक जरा वर ठेवलं की खुर्ची मागं सरकणार, खाली ठेवलं की पुढं. वहिनींच्या वजनाइतकी रेतीची पोती आत ठेवून त्यांनी एकदा सगळं अगदी बरोबर जुळवलं आणि मोठ्या आनंदानं त्यांना बोलावलं. वहिनी खुर्चीवरून पोत्यांकडं पाहत राहिल्या.

"माह्या जागी हे ठेवलं तुमी?"

"वजन पाह्यजे नं. तुले तास तास बसवून कायले तरास द्यायचा?"

"मी पोतं नाई. मी हालते, वळते, खिडकीतून पाह्यते. मापायचं असन तं मले बसवून मापा."

त्यानंतर आठ दिवस त्या सकाळी दहाला गाडीत चढायच्या, तांदूळ निवडत बसायच्या, आणि मनोहरभाऊ खालून विचारायचे, "शीला, आता कसं वाटून राह्यलं?" त्या म्हणायच्या, "अजून डाव्या अंगानं कलते." पाणसळीचा बुडबुडा मध्ये असला तरी ते तिला मानत नसत, वहिनींना मानत. शेवटी एका सकाळी त्या म्हणाल्या, "आता बसली." पुढच्या आठवड्यात पांढरकवडा, आर्णी, महागाव करत दोघं फुलसावंगीला जाऊन आले. वहिनी स्वतः फळीवरून भावाच्या अंगणात उतरल्या. मनोहरभाऊंनी मला तिथून फोन केला आणि नुसता मागचा गलका ऐकवला.

तरी त्यांचं खाली शिरणं थांबलं नाही. थंडीत असे, उन्हात तसे, मापात एखादं सूत इकडं, एखादं तिकडं. जाण्याच्या दहाएक दिवस आधी असेच बाहेर आले, टायरला टेकून बसले आणि म्हणाले, "छातीत भरून आल्यावानी वाटते रे." मी म्हटलं, "वाकून राहता नं दिवसभर, म्हणून." त्यांनी मान हलवली, मी टेप धरला, आणि आम्ही उजवं चाक मापलं. उजवं चाक! डॉक्टरकडं नाही गेलो.

मागच्या रविवारी वहिनींनी निरोप पाठवला. तपासणीला जायचं होतं, गाडी मी चालवावी. मी स्टिअरिंगवर बसलो आणि फाटकाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात उजवा टायर घासला. मी भाऊंच्या दीडपट. गाडी त्यांच्या वजनावर लावलेली. तिथंच थांबलो. गाडी मागं घेतली, आणि आरशात न बघता वहिनींना ते छातीचं सगळं सांगून टाकलं.

वहिनी म्हणाल्या, "मले बी सांगतलं होतं त्यायनं. मी ओवा देल्ला."

प्रज्ञा दारात उभी होती, तिनं ऐकलं. ती नागपूरला नर्स आहे. तिला वाटलं असेल ते तिच्या तोंडावर दिसत होतं. ती आत जाऊन टेप घेऊन आली.

"आई, पुन्हा लावायची म्हणजे बाबाचं माप मोडन."

"मोडू दे," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, आवळा."

मी जॅक लावला, बोल्ट आवळला, जॅक काढून परत आत बसलो. प्रज्ञा बाहेर वाकली. माप जुळेना, एक बाजू नाक वर करून उभीच. वहिनी मागून म्हणाल्या, "असं उभ्या उभ्या नाई बसत ते. हे आधी गाडीची एक चक्कर मारून यायचे, मंग मापायचे."

मग आम्ही तिघं चक्कर मारायला निघालो. कोळशाच्या ट्रकांच्या मागून, नाक्यापर्यंत, आणि नाक्यावर परत वळायचं राहूनच गेलं, तपासणीचंही. वहिनी खिडकीतून बाहेर पाहत होत्या. कापसाची शेतं सुरू झाली तेव्हा मी विचारलं, "कसं वाटते, वहिनी?"

"चालू द्या," त्या म्हणाल्या. "गाडी अजून बसून राह्यली."