टोस्टच्या चुऱ्यातली कोंबडी

नव्वदच्या दशकात आमच्या फौंड्रीनं मला तीन महिन्यांसाठी जपानला शिकायला पाठवलं होतं. तिथल्या कँटीनमध्ये मी रोज एकच पदार्थ घ्यायचो, कारण बाकीच्यांत काय आहे हे विचारायला भाषा येत नव्हती. बिनहाडाच्या कोंबडीचा तळलेला चपटा तुकडा आणि त्यावर पावाचा जाडसर चुरा. दाताखाली असा वाजायचा की शेजारी कुणी असतं तर त्यालाही ऐकू गेलं असतं.

परत आल्यावर आमच्या शिवाजी पेठेत भेटेल त्याला मी त्या कोंबडीचं कौतुक सांगत सुटलो. बायकोनं ते मनावर घेतलं. डॉक्टरांनी माझं तळलेलं बंद केलं होतं, म्हणून तिनं झाकणाला काच असलेला गोल इलेक्ट्रिक ओव्हन आणला. बेकरीतले गोडसर टोस्ट खलबत्त्यात कुटले. कोंबडीला कांदा-लसणाची चटणी चोळली, कारण नुसत्या मिठातली कोंबडी आजाऱ्याला देतात असं तिचं ठाम मत. शिवाय हाडांचा रस्सा केला. एवढं कोरडं घशाखाली कसं उतरणार, म्हणाली.

मी एक घास खाल्ला आणि म्हणालो, "तसं न्हाय झालं."

फौंड्रीत माझं कामच मुळी ओतलेले धातूचे भाग तपासून नापास करायचं. ती खोड घरी आणायला नको होती, पण आणली. पुढं दहा वर्षं तिनं रवा लावून पाहिला, पोह्यांचा चुरा लावून पाहिला, पुन्हा टोस्टवर आली. दर वेळी मी तेच म्हणालो. मग मी, ती आणि आमची मुलगी ते तुकडे रश्श्यात बुडवून चाटूनपुसून संपवायचो.

मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. तिला बाळ झालं आणि बायको दोन महिन्यांसाठी म्हणून गेली, ती दीड वर्ष तिकडंच राहिली. मुलीची नोकरी होती, बाळाकडं बघायला दुसरं कोण? मला रागवायलाही जागा नव्हती. मी निवृत्त झालो होतो, खानावळीचा डबा लावला होता. दिवसदिवस घरात बोलायला कुणी नसायचं. फार एकटं वाटायचं, पण ते तिला फोनवर सांगायची लाज वाटायची.

एका रविवारी ओव्हन काढला. हाडं काढून दे म्हटल्यावर चिकनवाल्यानं घरी कोण आजारी आहे का, असं विचारलं. पावाच्या कडा काढून तो उन्हात वाळवला, हातानं चुरला आणि चमचाभर तेलात तांबूस परतला. कोंबडीला मीठ, मिरी, मैदा, अंडं, वरून चुरा. बाकी काही नाही.

तसंच झालं होतं. अगदी तसंच. घरात फक्त माझ्या चावण्याचा आवाज होता. मग ते कँटीन आठवलं. चार खुर्च्यांच्या टेबलावर मी एकटा, कुणाशी एक शब्द नाही, तीन महिने. एवढं कौतुक सांगितलं, पण हे मी घरी कधी सांगितलंच नव्हतं. दुसरा तुकडा खाववला नाही.

मी पुण्याला फोन लावला आणि काय केलंय ते बायकोला सांगितलं.

"जमलं का वो?" तिनं विचारलं.

"न्हाय. तू करतीस तसं न्हाय झालं."

मागं बाळाची बडबड ऐकू येत होती. मग ती हळूच म्हणाली, "रस्सा न्हाय केलासा?"

एकट्यासाठी रस्सा कसला करायचा, असं माझ्या तोंडून निघून गेलं.