कर्नलच्या छातीवरचं बटण

इथे आखातात, करामा भागातल्या माझ्या शिवणदुकानात मी शेखांच्या घोड्यांचीही मापं घेतलीत. माझे कारागीर, रत्नागिरीचे चाचा, म्हणतात की घोडा एकच होता, तोही लाकडी. असेल. पण ही गोष्ट खोटी असेल तर माझी मशीन गंजो.

वरच्या मजल्यावर आपल्या मुलाकडे एक ग्रीक म्हातारा राहायचा, निवृत्त कर्नल. उंची अशी, की तो आत आला की मी पंखा बंद करायचो. एका दुपारी लढाईतला कोट अंगावर चढवूनच आला. छातीवरचं बटण तुटलेलं.

"चार वाजता एक बाई इथे येतेय. यल्ला, लवकर लाव."

"काढून द्या, साहेब."

"काढला तर हात परत बाहीत जायचे नाहीत."

मी सुई ओवली, तसा तो बोलायला लागला. लढाईत तो लेफ्टनंट होता. टेलिफोनची तुटलेली तार जोडायला त्याने एका पोरसवदा शिपायाला टेकडीवर पाठवलं. शिपाई थंडीने कुडकुडत होता, म्हणून हाच कोट दिला. त्याचं प्रेत खाली आलं, तेव्हा कोट उतरवून पुन्हा स्वतःच्या अंगात घातला. पुढे कॅप्टन, मेजर, कर्नल. प्रत्येक बढतीची खूण याच कोटावर चढली. आणि शिपायाच्या बहिणीला जन्मभर लिहीत आला, 'तुझा भाऊ आपणहून गेला.' आज तीच येत होती.

"खरं सांगणार?"

"बघू."

मी शेवटची गाठ मारली आणि चाचा ओरडले, "अरे, जित्या माणसाच्या अंगावर शिवलंस? दातांत धागा दिलास का?"

आमच्याकडे अंगावर शिवायचं तर त्या माणसाच्या दातांत धागा देतात. दातांत धागा न देता शिवतात ते मढ्याच्या अंगावर. तीस वर्षांत पहिल्यांदाच मी विसरलो होतो.

"आवळतंय," कर्नल म्हणाला. "काढ!"

बटण काजातून सरकेना. कात्री लावली, तर पातं वाकलं. टेप लावली: छाती बेचाळीस. पुन्हा लावली: चाळीस. मग अडतीस. कोट कुणा सडपातळ पोराच्या मापावर येत होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि कर्नलच्या तोंडातून वाफ निघत होती.

"चाचा, ओढा की!"

"तौबा! मी नाही हात लावत."

इतक्यात दार उघडलं. काळ्या कपड्यातली, काठी टेकत आलेली म्हातारी कर्नलकडे नाही, कोटाकडे बघत राहिली. तो ग्रीकमध्ये काही सांगू लागला, टेकडी दाखवावी तसा हात वर नेला, आणि कोट आणखी आवळून आवाजच बंद. मग हात खाली आला. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून तो दोनच शब्द बोलला. भाषा येत नसूनही मला कळले: मी पाठवलं.

टप्पकन बटण फरशीवर पडलं.

म्हातारीने सावकाश त्याच्या अंगातून कोट काढला, हातावर घडी घातली आणि निघून गेली.

बटण मी उचललं. दोरा तुटलेला नव्हता. माझी दुहेरी गाठ जशीच्या तशी.

चाचांना दाखवलं. त्या दिवशी त्यांनी मला थापाड्या म्हटलं नाही.